स्पीकर बदलू की खुर्ची हलवू?

प्रश्न : एक वाचक घरातल्याच खोलीत स्वतःची गाणी रेकॉर्ड करतात. आवाज, गिटार, तबला आणि कॉम्प्युटरवर वाजवलेला बेस एवढाच पसारा. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. मॉनिटर, म्हणजे गाणं तपासायचे स्पीकर, भिंतीपासून लांब ठेवावेत असं वाचल्यामुळे त्यांनी ५ इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचे) मॉनिटर भिंतीपासून ३ फूट पुढे घेतले आहेत आणि खुर्ची खोलीच्या मध्यावर आली आहे. घरी मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेलं गाणं, छान वाटतं. गाडीत किंवा मित्राकडे लावलं की बेस आणि डग्गा नुसता घुमतो, शब्द त्यात बुडतात. नवे स्पीकर घ्यायला पैसे साठवले आहेत. एक मित्र म्हणतो ८ इंची घे. दुसरा म्हणतो जुने यामाहा एनएस-१० शोध, मोठे स्टुडिओ तेच वापरायचे. तिसरा म्हणतो स्पीकरचा नाद सोड, हेडफोन घे. कामाला वेळ रात्रीच मिळतो आणि पलीकडे शेजारी आहेत. दोन गाणी पूर्ण होऊन पडली आहेत, बाहेर द्यायचा धीर होत नाही. नेमकं काय घ्यावं?

उत्तर :

नमस्कार. दोन गाणी पूर्ण करून ती केवळ आवाजाच्या शंकेपायी अडवून ठेवलीत, हे वाचून वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोलीची मापं तुम्ही पत्रात जाता जाता दिली आहेत. मला सगळ्यात उपयोगी पडली ती तीच. कोणते स्पीकर घेऊ, असं विचारताना तुम्ही दोष स्पीकरचा आहे हे धरूनच चालला आहात. मला तसं वाटत नाही. बाहेर बेस घुमतो, म्हणजे तुम्ही तो मिक्समध्ये जास्त ठेवला आहे. जास्त का ठेवला? तर खुर्चीवर बसल्यावर तो तुम्हाला कमी ऐकू येतो. कान त्याचं काम चोख करतोय, त्याच्यापर्यंत पोचणारी माहितीच अपुरी आहे.

थोडं गणित करू. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमच्या खोलीची लांबी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. ज्या स्वराच्या लाटेची अर्धी लांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बरोबर मावते, तो स्वर त्या भिंतींमध्ये उभा राहतो. तुमच्याकडे हा स्वर ४७ हर्ट्‌झचा येतो. या उभ्या लाटेचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुमची खुर्ची नेमकी तिथे आहे, म्हणून तो स्वर तुम्हाला जवळजवळ ऐकूच येत नाही. हा पहिला खड्डा.

दुसरा खड्डा स्पीकरच्या मागच्या भिंतीमुळे पडतो. खालचे स्वर स्पीकरच्या तोंडातून फक्त पुढे जात नाहीत, चहूकडे पसरतात. मागे गेलेला आवाज ३ फुटांवरच्या भिंतीवर आपटतो आणि ३ फूट परत येतो, म्हणजे ६ फुटांचा हेलपाटा घालून मूळ आवाजात मिसळतो. ९४ हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सुमारे १२ फूट. ६ फूट म्हणजे तिची बरोबर अर्धी लांबी. त्यामुळे परत आलेली लाट थेट येणाऱ्या लाटेच्या उलट पडते आणि दोघी एकमेकींना खातात. म्हणजे ४७ला एक खड्डा आणि ९४ला दुसरा. पेटीच्या भाषेत दोन्ही ठिकाणी जवळपास काळी तीनच, एका सप्तकाच्या अंतराने. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा स्वर ४१ हर्ट्‌झचा असतो आणि साध्या गिटारच्या जाड तारेचा ८२चा. डग्ग्याचा घुमाराही याच आसपास फिरतो. ज्या पट्ट्यात तुमची तक्रार आहे, तिथेच तुमच्या खुर्चीवर आवाज पोचत नाही.

माझ्या आकडेमोडीवर विसंबू नका, स्वतः ऐकून पाहा. ज्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करता त्यातच साधा साईन, म्हणजे एकच शुद्ध स्वर असलेला, आवाज निवडा आणि ४० हर्ट्‌झच्या आसपासपासून दोन सप्तकं एकेक अर्धस्वर वर चढत जा. सगळे स्वर सारख्याच जोराने, आवाज बेताचा. बेस गिटारचा आवाज यासाठी घेऊ नका. त्यात वरचे स्वरांश भरपूर असतात आणि मूळ स्वर हरवला तरी त्यांच्यावरून कान तो मनातल्या मनात भरून काढतो. साईनमध्ये ती सोय नाही. चढता चढता एखादा स्वर अचानक पातळ होईल, पुढचाच एखादा अंगावर येईल. पातळ झालेला स्वर चालू ठेवा, उठा आणि मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहा. खुर्चीवर हरवलेला ४७चा स्वर तिथे छातीत जाणवेल. ५ इंची वूफर इतक्या खाली मुळातच थोडा कमी पडतो, तरीही खुर्ची आणि भिंत यांतला फरक लपणार नाही. स्पीकर तेच, आवाजाची पातळी तीच, फक्त तुम्ही काही फूट सरकलात.

आता ८ इंची वूफरचं बघू. मोठ्या वूफरचे फायदे खरे आहेत: तो आणखी खाली उतरतो आणि मोठा आवाज कमी ताणात देतो. पण तो या दोन खड्ड्यांपैकी एकही भरू शकत नाही. स्पीकर जितका जास्त आवाज सोडेल, भिंतीवरून तितकाच जास्त आवाज उलटा परत येईल. वजाबाकी तशीच राहील. वर तुम्हाला त्यापासून जेमतेम ४ फुटांवर बसावं लागेल आणि इतक्या जवळून मोठ्या बॉक्समधले वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर एकजीव ऐकू येत नाहीत. शेजाऱ्यांना मात्र फरक नक्की कळेल, कारण भिंत ओलांडून जातात ते खालचेच स्वर. तुमच्या मापाच्या खोलीला ५ ते साडेसहा इंची वूफर पुरतो, हे माझं स्पष्ट मत. फक्त खालच्या स्वरांसाठीचा वेगळा सबवूफर तर आत्ता डोक्यातूनच काढा.

मग करायचं काय? स्पीकर मागे न्या, भिंतीजवळ. तुम्ही वाचलेला सल्ला चुकीचा नाही, पण तो ज्यांना स्पीकर भिंतीपासून खरोखरच लांब, २ मीटर किंवा जास्त, ठेवता येतात त्यांच्यासाठी आहे. लहान खोलीत मधलं अंतरच सगळ्यात घातक ठरतं. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून साधारण १ फुटावर आला की तो ९४चा खड्डा सरकून २८० हर्ट्‌झच्या पुढे जातो, आणि तिथे तो आवाज शोषणाऱ्या पॅनेलने आवरता येतो. पोर्ट, म्हणजे बॉक्सचं हवेचं भोक, मागच्या बाजूला असेल तर त्याला श्वास घ्यायला निदान चार बोटं जागा सोडा. भिंतीजवळ गेल्यावर खालचे स्वर सरसकट थोडे फुगतील. त्यासाठी बऱ्याच मॉनिटरच्या पाठीवर खालचे स्वर कमी करायचं बटण असतं, ते एक-दोन पायऱ्या उतरवा. ते बटण बहुतेकांनी एकदाही हलवलेलं नसतं.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणा, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. हा आकडा ब्रह्मवाक्य नाही, सुरुवात करायला बरी जागा आहे इतकंच. तिथून खुर्ची वीतभर पुढे-मागे करत तीच साईनची चाचणी घ्या आणि स्वर सगळ्यात समान वाटतील तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. दोन स्पीकरमध्ये ४ फूट आणि प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंतही ४ फूट, असा सारख्या बाजूंचा त्रिकोण तुमच्या जागेत नेमका बसतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवेत. डाव्या-उजव्या भिंतींपासून अंतर सारखं ठेवा. स्पीकर टेबलावर आडवे पडलेले असतील तर उभे करा आणि टेबलाच्या पृष्ठभागापासून उचला, कारण टेबलावरून उसळलेला आवाज नेमका गाण्याच्या शब्दांच्या पट्ट्यात गढूळपणा आणतो.

एवढं करूनही खोली एकसारखी होणार नाही. ९४चा स्वर आता कदाचित थोडा जास्तच येईल. पण जास्त आलेलं कमी करता येतं, अजिबात न आलेलं इक्यूने, म्हणजे स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, वाढवता येत नाही. हाच नियम खोली मोजून आवाज दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. रूम इक्यू विझार्ड नावाचा मोफत प्रोग्रॅम आणि मोजमापासाठीचा साधा माइक एवढ्यावर तुमच्या खुर्चीवरचा आलेख डोळ्यांनी पाहता येतो. उंचवटे छाटायला त्याचा उपयोग करा, खड्डे भरायला नको.

साठवलेल्या पैशातला पहिला खर्च सांगायचा तर तो रॉकवूल किंवा ग्लासवूलच्या पॅनेलवर करा. पॅनेल १० सेंटीमीटर जाडीचं, कापडात नीट गुंडाळलेलं आणि भिंतीपासून तितकंच पुढे असावं. जागा शोधायला कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा धरून हळूहळू सरकवायला सांगा. तुम्ही खुर्चीवर बसा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून तुमच्याकडे येतो. पॅनेल तिथे लावा. मग पाठीमागची भिंत, मग कोपरे, आणि तिथे जितकी जास्त जाडी तितकं चांगलं. बोटभर जाडीचा फोम खोलीभर चिकटवू नका. तो फक्त वरचे स्वर खातो आणि घुमारा जागच्या जागी राहतो, त्यामुळे खोली आधीपेक्षा वाईट होते. अंड्यांच्या ट्रेचा तर विचारही नको.

तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण एनएस-१०ची गोष्ट खरोखर शिकण्यासारखी आहे. यामाहाने तो १९७८ साली घरी संगीत ऐकणाऱ्यांसाठी काढला होता आणि त्या गिऱ्हाइकांना तो फारसा भावला नाही. स्टुडिओंनी मात्र उचलला, इतका की १९८७ साली त्याची खास स्टुडिओसाठीची आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीचे वरचे स्वर इतके टोचायचे की साउंड इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत. बॉक्स बंद, पोर्ट नाही, त्यामुळे खालचा आवाज कमी पण सुटसुटीत, वाजला की लगेच थांबणारा. मधले स्वर पुढे येणारे, म्हणून आवाज आणि वाद्यं यांची भांडणं त्यावर लपत नसत. पण ज्या स्टुडिओंत तो मिक्सिंग टेबलावर बसलेला दिसतो, तिथे सहसा भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटरही असत आणि बेसचा निर्णय एकट्या एनएस-१०वर होत नसे. त्या इंजिनिअरांना तो वर्षानुवर्षं ऐकून पाठ झाला होता, त्याची खरी किंमत ती होती. उत्पादन २००१ साली थांबलं. आज मिळणारी जोडी जुनी, कदाचित एका बाजूचा वूफर बदललेली. आणि खालचे स्वर मुळात कमी दाखवणारा स्पीकर तुमच्या तक्रारीवर तर उतारा नाहीच.

हेडफोनचा सल्ला मात्र अर्धा घ्या. त्यात खोली मध्ये येत नाही, म्हणून बेस आणि डग्गा यांचा हिशेब तपासायला तो तुमच्यासाठी आत्ता सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे. मागून उघडे असणारे हेडफोन मिक्सिंगला बरे. बंद हेडफोन रेकॉर्डिंगसाठी ठेवा, नाहीतर गाताना उघड्या हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरतो. हेडफोनची अडचण अशी की डावा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो, उजवा उजव्याला. स्पीकरवर दोन्ही कानांना दोन्ही आवाज मिळतात. त्यामुळे हेडफोनवर वाद्यं जरुरीपेक्षा लांब फाकलेली वाटतात, गाणारा डोक्याच्या आत बसलेला वाटतो आणि रिव्हर्बचा (आवाजामागच्या गुंजेचा) अंदाज चुकतो. आवाज आणि वाद्यांचा तोल, पॅनिंग (कोणता आवाज डावीकडे, कोणता उजवीकडे), रिव्हर्ब हे निर्णय स्पीकरवर घ्या. नको ते खटके काढणं, कापाकापी, खालच्या स्वरांची तपासणी हे रात्री हेडफोनवर. तुमच्या वेळेच्या गणितात हे चांगलं बसेल: रात्रभराचं बरंचसं काम शेजाऱ्यांना कळणारही नाही, आणि सुट्टीच्या दिवशी तासभर स्पीकर लावले तरी पुरे.

स्पीकरवर ऐकताना आवाज किती ठेवता, हेही तितकंच महत्त्वाचं. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. रात्री दबक्या आवाजात मिक्स करणारा माणूस नकळत बेस वाढवतो. तुमच्या घुमण्याला हेही एक कारण असणार. एक पातळी ठरवा, लहान खोलीत ७५ डेसिबलच्या आसपास चालेल, फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने अंदाज घ्या आणि इंटरफेसच्या (कॉम्प्युटर आणि स्पीकर जोडणाऱ्या डब्याच्या) नॉबवर खूण करा. मोठे निर्णय त्या खुणेवरच. मधून मधून अगदी हळू करून पाहा: तेव्हाही शब्द कळायला हवेत. तासन्‌तास मोठ्या आवाजात बसू नका. ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या जागी कानाच्या सुरक्षिततेची रूढ मर्यादा आहे आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. कान पुन्हा विकत मिळत नाहीत.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या, पण अजून काहीच न घेतलेल्या वाचकांसाठी थोडं. ॲम्प्लिफायर आत असलेले मॉनिटर घ्या, जुळवाजुळवीचा ताप वाचतो. इंटरफेसपासून बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट खोडणारी) केबल वापरा, नाहीतर कॉम्प्युटरची कुरकुर स्पीकरमध्ये ऐकू येते. निवडताना नाव आणि रूप यांचा मोह टाळणं फार कठीण असतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा न बघता आणि एकदा बघून ऐकले, तर दिसू लागल्यावर त्यांनी दिलेले गुण बदलले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. म्हणून जमल्यास डोळे मिटून बसा आणि जोड्या दुसऱ्याला बदलू द्या. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करू नका, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो.

दुकानात ऐकायला तुमचं स्वतःचं, फसलेलं मिक्स न्या. सोबत पाठ असलेली दोन-तीन गाणी. ज्यावर सगळंच गोड वाटतं तो स्पीकर मिक्सिंगला कामाचा नाही. तुमच्या मिक्समधलं दुखणं जो पटकन बोट ठेवून दाखवेल, तो घ्या. गाणं मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरवर अगदी सारखंच, लावून बघा, आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका ठिकाणी उभा राहिला पाहिजे. डोकं डावी-उजवीकडे हलवा. वीतभर हलताच रंग बदलत असेल तर सोडून द्या. मग सगळं बंद करून हाताच्या अंतरावर कान न्या आणि ट्वीटरची सळसळ ऐका. दुकानाच्या गलक्यात ती कळत नाही, म्हणून शांत वेळ साधा. रात्रीच्या खोलीत तीच सळसळ तुमच्या सोबत बसणार आहे.

तुम्ही मात्र महिनाभर काहीही स्पीकर घेऊ नका. जागा बदला, पॅनेल लावा, आणि रोज थोडा वेळ त्याच खुर्चीवर फक्त इतरांची, चांगली मिक्स झालेली गाणी ऐका, तुमच्या खुणेवर. या स्पीकरवर चांगला बेस कसा लागतो हे कानाला कळू द्या. तरीही कमी पडतंय असं वाटलं, तर खुशाल बदला. तेव्हा काय कमी पडतंय हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

राहिली ती दोन गाणी. जुनं मिक्स उघडून त्यात डागडुजी करू नका. त्यातला प्रत्येक निर्णय जुन्या खुर्चीवरून घेतलेला आहे. फाईलची प्रत करा, बेस आणि तबल्यावरचे सगळे इक्यू बंद करा, सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) खाली आणा. आधी गाण्याचा आवाज चढवा, मग गिटार, मग तबला, आणि बेस सगळ्यात शेवटी, शब्द कळतायत तोवरच. हेडफोनवर खालचा भाग तपासा, फोनच्या स्पीकरवर शब्द तपासा आणि गाडीत एकदा ऐका. ते ऐकताना काय खटकलं ते कागदावर लिहा आणि खुर्चीवर परत आल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला. गाडीतून धावत येऊन पाच ठिकाणी हात घातला, तर कशाने काय सुधारलं हे कधीच कळणार नाही.